ऑपरेशनआधी भुलीच्या डॉक्टरांना काय सांगायचं? प्रत्येकाच्या अंगात भुलीचं औषध वेगळं का वागतं?

गेल्या उन्हाळ्यात एकाच सकाळी, एकाच थिएटरात माझ्यापुढे दोन पेशंट होते. दोघांचंही पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन. पहिला अक्कलकोट रोड एमआयडीसीतला यंत्रमाग कामगार, वय २८. दुसऱ्या मोहोळकडच्या एक आजी, वय ७६. काट्यावर दोघांचं वजन सारखंच भरलं, ६० किलो. भुलीसाठी औषधही एकच, प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं इंजेक्शन. कामगाराला १२ मिली गेल्यावर त्याची पापणी मिटली. आजींना मी थांबत थांबत, मॉनिटरकडे बघत ५ मिली दिलं आणि त्या झोपल्या. आजींना १२ मिली दिलं असतं तर त्यांचा बीपी कोसळला असता. कामगाराला ५ मिलीवर ठेवलं असतं तर घशात श्वासाची नळी घालताना तो खोकला असता, हातपाय झाडले असते.

बावीस वर्षं मी सोलापुरात भूल देतोय, एका नर्सिंग होममधून दुसऱ्या नर्सिंग होममध्ये फिरत. नातेवाईक सर्जनना दहा प्रश्न विचारतात, मला एकच विचारतात, "डॉक्टर, शुद्धीवर येतील ना?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्याच घरात असतं. गोळ्यांच्या डब्यात, जुन्या फायलीत, आजीच्या आठवणीत. ते बाहेर काढून आमच्यापर्यंत कसं आणायचं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीनं आमच्या हातातली सिरिंज कशी बदलते, ते इथं क्रमानं सांगतो. मधे जे आकडे येतील ते समजावण्यासाठी आहेत. डोस ठरवणं तुमच्या भूलतज्ज्ञांचं काम आहे.

आधी एवढं समजून घ्या

हाताच्या शिरेत दिलेलं औषध हृदयातून फिरून साधारण अर्ध्या मिनिटात मेंदूत पोचतं. मेंदूला रक्त भरपूर मिळतं, म्हणून पहिला वाटा त्याचा. मग तेच औषध हळूहळू स्नायूंत आणि चरबीत पसरतं, मेंदूतलं प्रमाण उतरतं आणि माणूस पाच-दहा मिनिटांत जागा व्हायला लागतो. लिव्हरनं औषध संपवलं म्हणून तो जागा होत नाही. औषध मेंदूतून उठून दुसरीकडे जाऊन बसलं म्हणून जागा होतो. लिव्हर आणि किडनी मागाहून निवांत साफसफाई करतात. ऑपरेशन लांबलं की आम्ही गॅस किंवा इंजेक्शन चालूच ठेवतो, आणि तेव्हा मात्र ही साफसफाई किती वेगानं होते याला महत्त्व येतं.

सोलापूरकराला हे सूत रंगवण्याच्या हौदावरून चटकन कळेल. रंगाची पुडी तेवढीच आणि हौदात पाणी कमी, तर सूत गडद निघतं. तरुण माणसाच्या अंगात साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. स्नायूही झिजलेले असतात. आजींचा हौद लहान होता, म्हणून तेवढ्याच पुडीनं रंग गडद झाला असता. शिवाय वयानुसार मेंदूच औषधाला हळवा होतो. गॅसची गरज चाळिशीनंतर दर १० वर्षांनी साधारण ६ टक्क्यांनी कमी होत जाते. सेवोफ्लुरेन हा गॅस चाळिशीतल्या माणसाला १.८ टक्के लागत असेल, तर ऐंशीच्या आजोबांना १.४ टक्क्यांत भागतं.

पायरी १ : वजन काट्यावर करा, अंदाजानं सांगू नका

"असंल की साठ-पासष्ट." हे उत्तर मला रोज मिळतं. मोठ्या माणसात पाच किलोची चूक निभावून जाते. लहान मुलात निभत नाही. ८ किलोच्या बाळाला घरचे हौसेनं १० किलोचं सांगतात, आणि तेवढ्यानं प्रत्येक औषध पाव पटीनं जास्त जातं. बाळाला ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अंगावरचे कपडे काढून काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून आणा. उंचीही मोजा. ती लठ्ठपणाच्या हिशोबाला लागते.

लठ्ठ माणसाचा हिशोब सरळ नसतो. १२० किलो वजन म्हणजे ६० किलोवाल्याच्या दुप्पट औषध, असं होत नाही. झोपवण्याचा प्रोपोफॉलचा डोस आम्ही चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर काढतो. स्नायू ढिले करणारं रोक्युरोनियम उंचीप्रमाणे जे वजन असायला हवं त्यावर, आणि तेच काम झटपट करून लवकर उतरणारं स्कोलीन मात्र काट्यावरच्या पूर्ण वजनावर. एकाच माणसाची तीन औषधं तीन वेगवेगळ्या वजनांवर!

लठ्ठ माणसाबद्दल घरच्यांनीच सांगावी अशी एक गोष्ट आहे : घोरणं. रात्री घोरताना मधेच श्वास थांबतो का, मग दचकून घोरणं परत सुरू होतं का, दिवसा गप्पा मारता मारता डुलकी लागते का? पेशंटला स्वतःला हे ठाऊक नसतं, शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असतं. अशा माणसाला फेंटानिल-मॉर्फिनसारखं वेदनाशामक नेहमीच्या डोसमध्येही श्वास मंद करायला पुरतं. "घोरतात थोडं" एवढ्यावर थांबू नका. कसं घोरतात ते सांगा.

पायरी २ : वय, आणि वयापलीकडचं

नवजात बाळात पाणी मोठ्या माणसापेक्षा जास्त, सुमारे ७५ टक्के. त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या औषधांचा किलोमागचा डोस जास्त लागतो. स्कोलीन मोठ्यांना किलोमागे १ ते १.५ मिलीग्रॅम, तर तान्ह्याला २. पण बाळाची लिव्हर-किडनी कच्ची असते, म्हणून पुढचा डोस उशिरा द्यायचा. सुरुवातीला जास्त आणि नंतर सावकाश, अशी ही कसरत असते. बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हे न विसरता सांगा. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं भुलीनंतर श्वास घ्यायला विसरू शकतात.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत मला वयाच्या आकड्यापेक्षा त्यांचा रोजचा दिवस जास्त सांगतो. दोन जिने न थांबता चढतात का? रात्री उठून "मी कुठंय" असं विचारतात का? पेन्शनचा हिशोब स्वतः करतात का? विसरभोळ्या आजोबांना मी मिडाझोलामसारखं गुंगीचं इंजेक्शन शक्यतो टाळतो, कारण दुसऱ्या दिवशी ते भांबावतात आणि सलाईन ओढून काढतात. चष्मा आणि कानाचं यंत्र थिएटरबाहेर कुणाच्या तरी खिशात असू द्या. शुद्धीवर आल्या आल्या ते चढवलं की निम्मा गोंधळ तिथंच थांबतो.

पायरी ३ : गोळ्यांची अख्खी पिशवी आणा

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच सगळ्यात जास्त हयगय होते. "बीपीची एक पांढरी गोळी" यावरून मला काही कळत नाही. पाकिटं, बाटल्या, पुड्या, मलमं, पंप, सगळं एका पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर उपडी केली की पाच मिनिटांत माझं निम्मं काम होतं.

बीपीच्या गोळ्यांत दोन जाती आहेत. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल अशा बहुधा ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. मेटोप्रोलॉल अचानक तोडली तर हृदय उसळतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्यांनी मात्र भूल दिल्यावर बीपी फार उतरू शकतो आणि लवकर वर येत नाही, म्हणून त्या दिवशी पुष्कळदा वगळायला सांगतात. कुठली घ्यायची आणि कुठली नाही हे तुमच्या डॉक्टरांकडून नावानिशी लिहून घ्या. स्वतःच्या मनानं ठरवू नका.

साखरेच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं दिसली तर आधीच फोन करा. त्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशीपोटी त्यांनी रक्तात आम्ल साचतं आणि साखर मात्र नॉर्मल दिसते, त्यामुळे दुखणं लपून राहतं. वजन उतरवायला सेमाग्लुटाइड घेत असाल तर तेही सांगा. त्यानं पोट संथ होतं आणि आठ तासांपूर्वीचं जेवण पोटातच सापडू शकतं. जुन्या मधुमेहात पोटाच्या नसा दमलेल्या असल्या की औषधाशिवायही असंच होतं.

फिटच्या गोळ्या, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, वर्षानुवर्षं चालू असतील तर लिव्हरचा कारखाना जोरात चालू असतो. स्नायू ढिले करणारं व्हेक्युरोनियम अशा माणसात भराभर उतरतं. टीबीची रिफाम्पिसिन गुंगीच्या औषधांना असंच लवकर संपवते. उलट काही अँटिबायोटिक इंजेक्शनांनी, जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारख्या, स्नायूंचा ढिलेपणा लांबतो. फिटची गोळी ऑपरेशनच्या सकाळी चुकवायची नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. क्लोपिडोग्रेल चालू असताना पाठीतली भूल द्यायची तर ती साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवलेली असावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडायचा धोका असतो. पण हृदयात स्टेंट असेल तर ती स्वतःहून थांबवणं त्याहून धोक्याचं. हा निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ बोलून घेतात.

आणि पुड्या. आमच्याकडं बिड्या वळणाऱ्या बायका दिवसभर मांडी घालून, मान खाली घालून बसतात. गुडघे, कंबर, मान, सगळं धरतं. मग कुणीतरी "वाताची पुडी" देतं आणि दोन दिवसांत दुखणं पळतं. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने ते घेतलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं झोपी जातं. मग ऑपरेशनच्या ताणात बीपी पडतो आणि नेहमीच्या इंजेक्शनांनी चढत नाही. मला आधी कळलं तर हायड्रोकॉर्टिसोनचं एक इंजेक्शन देऊन हा प्रसंग टाळता येतो. लपवू नका, अक्का. पुडी दिली कुणी हे मी विचारत नाही, फक्त घेत होता की नाही एवढं सांगा. अश्वगंधाही सांगा, गुंगी वाढू शकते.

पायरी ४ : मिश्री, बिडी, दारू, ताडी

हे प्रश्न मी सासू-सासऱ्यांपुढे विचारत नाही. तुम्हीही डॉक्टरांना "दोन मिनिटं एकट्यात बोलायचंय" असं खुशाल म्हणा.

बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या आधी १२ ते २४ तास बंद ठेवली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि ऑक्सिजनला जागा मिळते. छातीतला कफ कमी व्हायला मात्र सहा-आठ आठवडे लागतात, म्हणून ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी सोडा. मिश्री ऑपरेशनच्या सकाळी लावायची नाही. तोंडाला पाणी सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात. गुटखा-मावा खाणाऱ्यांनी घरीच एक तपासणी करावी : स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर ते आधी सांगा. झोपवल्यावर हे कळलं तर फार उशीर झालेला असतो, कारण तोंड उघडत नाही तिथं नळी घालायची तयारीच वेगळी लागते.

रोज दारू पिणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं, त्याच्या मेंदूला गुंगीची सवय झालेली असते. पण लिव्हर खराब झालेलं असेल तर तेच औषध उतरायला वेळ घेतं. म्हणजे चढायला जड आणि उतरायलाही जड. त्याच दिवशी पिऊन आलेल्याचं उलटं, त्याला थोडक्यात भागतं आणि उलटीचा धोका वाढतो.

ताडीचं वेगळं सांगतो, कारण लोकांना ती दारूत धरायचीच नसते. भेसळीच्या ताडीत गुंगीचं रसायन किंवा झोपेच्या गोळ्या असतात. रोज ती पिणाऱ्याला मिडाझोलाम लागू पडत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागतात, तो बडबडतो, कधी फिट येते. घरचे म्हणतात भूल डोक्यात गेली. भूल केव्हाच उतरलेली असते, हे ताडी तुटल्याचं लक्षण असतं. आधी माहीत असेल तर त्यावर औषध आहे.

पायरी ५ : किडनी, लिव्हर, हृदयाचे जुने कागद

किडनी अधू असेल तर मॉर्फिनचं लिव्हरमध्ये रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तो बाहेर पडत नाही, साठत राहतो, आणि तो स्वतःही गुंगी आणतो. मी अशा वेळी फेंटानिलकडे वळतो. स्नायूंसाठी अ‍ॅट्राक्युरियम घेतो. ते बहुतांशी रक्तातच, शरीराच्या तापमानाला आपोआप तुटतं, त्याला किडनी-लिव्हरची फारशी मिनतवारी करावी लागत नाही. मला हे औषध मनापासून आवडतं. डायलिसिसवर असाल तर शेवटचं डायलिसिस कधी झालं ते आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट आणा. स्कोलीननं पोटॅशियम थोडं वाढतं, आधीच वाढलेलं असेल तर हृदय अडखळतं. डायलिसिससाठी शीर जोडून केलेल्या फिस्टुलाच्या हाताला कुणालाही सुई टोचू देऊ नका, तो हात पुढं करून ठणकावून सांगा.

कुपोषित, अशक्त माणसाची गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. प्रोपोफॉलचे शंभरातले ९७-९८ भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटून असतात, मोकळे दोन-तीन भागच मेंदूवर काम करतात. अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर मोकळा वाटा वाढतो आणि नेहमीचा डोसही जड होतो.

हृदय कमजोर असेल तर मला सगळ्यात जास्त संयम लागतो. रक्त संथ फिरत असतं, हातात दिलेलं औषध मेंदूत पोचायला अर्ध्या मिनिटाऐवजी एक-दीड मिनिट लागतं. घाईत माणसाला वाटतं, डोस कमी पडला, अजून थोडं देऊ. मग दोन्ही डोस एकामागोमाग पोचतात आणि बीपी पडतो. तुमचा इकोचा रिपोर्ट कितीही जुना असला तरी आणा. त्यातला पंपिंगचा एक आकडा मला थांबायला शिकवतो.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळी घेऊनच या.

पायरी ६ : पोटुशी असाल तर

गरोदरपणात गॅस पाव ते एक तृतीयांश कमी लागतो. पाठीतल्या भुलीचं औषधही कमी, कारण मणक्यातल्या शिरा फुगून जागा अरुंद झालेली असते आणि नसा औषधाला हळव्या झालेल्या असतात. सिझेरियनच्या टेबलावर उताणं झोपवलं की पोटाचा भार मोठ्या शिरेवर येऊन गरगरतं. तेव्हा गप्प राहू नका. "मळमळतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय" असं लगेच सांगा. आम्ही टेबल डावीकडे कलवतो, औषध देतो, मिनिटाभरात बरं वाटतं.

पायरी ७ : विंचू चावला होता का?

हा प्रश्न विचारला की लोक हसतात. मंगळवेढ्याकडच्या एका शेतकरीमामांना पाठीत भूल दिली. सुई नीट गेली, स्वच्छ पाणी आलं, औषध पूर्ण दिलं. दहा मिनिटांनी चिमटा काढला तर म्हणाले, "लागतंय की ओ!" वीस मिनिटांनीही पाय उचलत होते. मग विचारलं, तर म्हणाले, "इच्चू चावलाय की तीन-चार येळा. कडबा काढताना." पूर्ण भूल देऊन ऑपरेशन पार पाडलं.

विंचू वारंवार चावलेल्या माणसांत जागा बधिर करणारी औषधं कमी चालतात किंवा उशिरा चालतात, अशा नोंदी भारतीय भूलतज्ज्ञांनी मांडल्या आहेत. विंचवाचं विष नसांमधल्या सोडियमच्या दारांवर काम करतं आणि बधिर करणारी औषधंही त्याच दारांवर काम करतात. आपल्या जिल्ह्यात, कडब्याच्या गंजी आणि दगडी बांध असलेल्या गावांत, हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं माझं मत आहे. कधी चावला, किती वेळा, तेवढं लिहून ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही सांगा.

पायरी ८ : घराण्यातली भूल

आता ज्या रात्रीमुळे मी हे सगळं लिहायला बसलो ती रात्र सांगतो. एका छोट्या नर्सिंग होममध्ये १९ वर्षांचा मुलगा, अपेंडिक्स फुटायच्या बेतात. पोट भरलेलं, घाई होती, म्हणून नळी घालायला स्कोलीन दिलं. हे औषध पाच ते दहा मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. पुढचं औषध देण्याआधी श्वास परत यायची वाट बघायची ही माझी सवय. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ऑपरेशन संपलं तरी बोटसुद्धा हललं नाही. नाडी, बीपी, ऑक्सिजन सगळं उत्तम. मी त्याला गॅसवर झोपवून ठेवलं, कारण अशा वेळी अंग लुळं असलं तरी मन जागं होऊ शकतं, आणि ते फार भयंकर असतं. मशीननं श्वास देत राहिलो. बाहेर येऊन आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "त्याच्या मामाला हैदराबादला असंच झालं होतं. सकाळपर्यंत मशीनवर होता." मी मुलाला विचारलं होतं, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला का? तो नाही म्हणाला. आईला विचारलंच नव्हतं, चूक माझी. साडेचार तासांनी, पहाटे, त्यानं पहिला श्वास स्वतः घेतला. सकाळी नऊ वाजता तो चहा मागत होता.

त्याच्या रक्तात ते एन्झाइम जन्मतःच जवळजवळ नव्हतं. बाकी माणूस ठणठणीत असतो, त्यामुळे स्कोलीन मिळेपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही. दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात, ज्याला आपण कोमटी म्हणतो, ही कमतरता इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळते, कारण लग्नं पिढ्यान्‌पिढ्या आपसात आणि नात्यात होत आली. सोलापुरात तेलुगू घरं खूप आहेत. तेलुगू बोलणारा प्रत्येक जण या समाजाचा नसतो आणि या समाजातल्या प्रत्येकाला ही कमतरताही नसते. पण तुमचं घर त्यातलं असेल तर संकोच न करता सांगा. यात कमीपणाचं काहीच नाही. सीरम कोलिनेस्टरेज ही साधी रक्ततपासणी आहे, आणि स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम वापरता येतं, ते उतरवायला सुगामाडेक्स आहे.

हेच एन्झाइम औषधफवारणीनंही खाली जातं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस अशी फॉस्फरसवाली कीटकनाशकं ते बंद पाडतात. सांगोल्याच्या डाळिंबबागेत किंवा पंढरपूरकडच्या द्राक्षबागेत गेल्या काही आठवड्यांत फवारा मारला असेल तर तेही भुलीच्या कागदावर यायला हवं.

घराण्याबद्दल आणखी दोन प्रश्न आई-वडील दोघांच्याही बाजूच्या मोठ्यांना विचारा. भूल दिल्यावर कुणाला अचानक फणफणून ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं होतं का? कुणी ऑपरेशनच्या टेबलावरच दगावलं होतं का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर स्कोलीन आणि सगळे वाफेचे गॅस वर्ज्य, पूर्ण भूल शिरेतल्या औषधांवरच द्यावी लागते.

पायरी ९ : उपाशी आणि उपवास

"काही खाल्लं नाही ना?"
"नाही डॉक्टर, उपवास आहे."

आषाढीच्या दिवशी हे उत्तर ऐकून मी एकदा पुढं निघालो होतो. सिस्टरांनी अडवलं. आजींनी आठ वाजता साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती, वर शेंगदाण्याचं कूट. उपवास वेगळा आणि उपाशी वेगळं. तळलेलं, तुपाचं, शेंगदाण्याचं असं जड खाणं असेल तर आठ तास. हलकं खाणं, दूध किंवा दुधाचा चहा असेल तर सहा तास. आईचं दूध चार तास. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि पोट संथ असल्याचं कारण नसेल तर ते प्यावंच.

हे पाणी मी आग्रहानं सांगतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. रात्री नऊपासून घोटभर पाणी न पिता दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला टेबलावर आलेल्या माणसाचा हौद निम्मा कोरडा पडलेला असतो. तिथं नेहमीचा डोसही गडद होतो. तुमचा नंबर नक्की किती वाजता आहे ते विचारा, आणि तिथून मागं मोजा.

पायरी १० : कागद मागून घ्या

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड सगळे घेतात. भुलीचा कागद कुणीच मागत नाही. तो मागा. त्यावर चार गोष्टी हव्यात : कुठली भूल दिली, कुठली औषधं दिली, नळी घालायला सोपी गेली की अवघड, आणि काही अडचण आली असेल तर तिचं नाव. फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.

त्या मुलाला मी पोस्टकार्डाएवढा एक कागद लिहून दिला होता. "स्कोलीन देऊ नये. कोलिनेस्टरेजची कमतरता. आई, भाऊ, बहीण यांचीही तपासणी करावी." आईनं तो लॅमिनेट करून रेशनकार्डाबरोबर ठेवला. दोन वर्षांनी त्याची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि रात्री सिझेरियन ठरलं. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं तेव्हा तिनं पदराखालून ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं, वर तिचा स्वतःचा रिपोर्ट स्टेपल केलेला होता. मी स्कोलीनचं व्हायल ट्रेमधून उचलून परत फ्रिजमध्ये ठेवलं, रोक्युरोनियम आणि सुगामाडेक्स जवळ आणून ठेवलं, आणि तिला पाठीतल्या भुलीसाठी कुशीवर वळायला सांगितलं.